भांडण लवकर लागेल अशी सुरुवात

९ जून

मास्तर,

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. माझी गरज आत्ता कुठे सुरू झाली आहे, त्यामुळे वैद्याला जगवणं भाग आहे. कोर्टाच्या कागदाप्रमाणे तू माझा मेहुणा राहिला नाहीस, पण बुद्धिबळ शिकवणारा माझ्या ओळखीत तूच एक.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी बसने तुमच्या गावी येतो, भिंगरीला भेटतो आणि परत जातो, हे तुला माहीत आहे. भेटीसाठी कोर्टानं ठरवून दिलेली खोली मात्र तू पाहिली नसशील. भिंतीवर रंगवलेला जिराफ, त्याच्या मानेचे पोपडे निघालेले. मुलांच्या मापाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यांत बसलं की माझे गुडघे हनुवटीला लागतात. कोपऱ्यात देखरेखीच्या बाई विणकाम घेऊन बसतात. आणि आम्ही बापलेक. "शाळा कशी आहे?" "बरी." "जेवलीस?" "हो." मग दोघांनी जिराफ बघायचा.

एप्रिलमध्ये तिला तिथल्या कपाटात बुद्धिबळाचा पट सापडला. एक काळा हत्ती हरवलेला, त्याच्या जागी तिनं बाटलीचं बूच ठेवलं. मला सोंगट्या कशा चालतात तेवढंच ठाऊक. तिनं वजीर आणि उंट पुढे काढून चुटकीसरशी मात केली आणि हसली. मास्तर, माझ्यासमोर हसून तिला वर्ष झालं असेल. मी विचारलं, "मी काय करायला हवं होतं?" तर खुर्ची ओढत माझ्या बाजूला आली आणि दाखवायला लागली.

काल मात्र मला सोपं जावं म्हणून तिनं आपला वजीर आधीच पटावरून काढून ठेवला, तरी मी हरलो. "बाबा, तुम्ही अगदीच हे आहात," म्हणाली. हसतच म्हणाली, पण मला धसका बसला. उद्या कंटाळली तर? पुन्हा आपला जिराफ.

म्हणून एक पुस्तक आणलं. त्यात लंडन नावाची सुरुवात आहे. समोरचा काही का खेळेना, आपण त्याच त्या खेळ्या करायच्या, भिंत बांधायची आणि आत बसून राहायचं. माझ्यासारख्याला बरी वाटते. पाठ करू का? मला जिंकायचं नाही. बाई "वेळ झाली" म्हणेपर्यंत डाव टिकला पाहिजे, बस.

तुझा (काय लिहू? जुना) भाऊजी


१७ जून

भाऊजी, नमस्कार.

मी भाऊजीच म्हणणार. नातं लावू नका असं काही त्या कागदात लिहिलेलं नाही. मात्र यापुढे शाळेच्या पत्त्यावर लिहा, आणि फोन नको. ताईनं विचारलं तर मला तोंडावर खोटं बोलता येत नाही. पत्र आलं हे न सांगणं जमतं.

लंडन नको. माझ्याकडे येणारे पालक सगळे हेच मागतात: पोराला अशी सुरुवात शिकवा की तो हरणार नाही. ती सुरुवात वाईट नाही, पण नवशिक्याला ती झोपवते. दोन्हीकडची फौज आपापल्या घरात, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही, आणि ज्या दिवशी गाठ पडते त्या दिवशी हाताला मारामारीची सवय नसते. नवशिक्यानं भांडण लवकर लागेल अशी सुरुवात निवडावी. काठावर बसून फार तर पाय धुता येतात, पोहणं येत नाही.

पांढऱ्याकडून राजापुढचं प्यादं दोन घरं. मग घोडा. मग उंट, असा की त्याचा डोळा काळ्या राजाशेजारच्या त्या प्याद्यावर राहील ज्याला राजाशिवाय राखणदार नाही. याला इटालियन म्हणतात. काळ्याकडून असाल आणि तिनं राजाचं प्यादं पुढे केलं, तर तुम्हीही तेच करा. हे हाताला बसलं की गँबिट. म्हणजे एक प्यादं मुद्दाम देऊन टाकायचं आणि त्या बदल्यात मधले रस्ते मोकळे करून घ्यायचे. रस्ते मोकळे झाले की दुहेरी मारे, अडकलेले घोडे, उघडे पडलेले राजे, सगळं समोर यायला लागतं आणि डोळा तयार होतो. डावपेच शिकायचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

हराल. भरपूर हराल. दर खेळीआधी एवढं बघा: शह कुठे आहे, काय मारता येतं, धमकी कशाची आहे. आधी आपल्या बाजूनं, मग समोरच्या. आणि सरावाला कोणीतरी गाठा. महिन्यातून एका रविवारनं काही होत नाही.

तुमचा मास्तर


१४ जुलै

मास्तर,

गाठला. सातव्या मजल्यावर एक निवृत्त दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्या इमारतीची लिफ्ट सारखी रुसते आणि दुरुस्तीला मलाच जावं लागतं, म्हणून मी तिथे घरचाच झालोय. डॉक्टरांना खेळायला माणूस हवा होता, इतका की लिफ्ट तेच बिघडवतात की काय अशी मला शंका येते. माझी सोंगटी उचलताना "आ करा" म्हणतात.

हरलो, हरलो, परत हरलो. राजाचं प्यादं, घोडा, उंट, आणि मग दाणादाण. एकदा मी आपल्या बाजूचं सगळं नीट बघितलं, त्यांच्या बाजूचं बघायचं राहिलं, आणि वजीर गेला. डॉक्टर म्हणाले, "धीर धरा, अक्कलदाढ उशिराच येते."

पण परवा माझा घोडा अशा घरात जाऊन बसला की राजाला शह आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर मारा, दोन्ही एकदम. आणि मी ते आधी पाहिलं होतं! चुकून नाही झालं. बंद मोटारीच्या वायरी चाचपत बसावं, कंटाळून हात काढून घ्यावा आणि तेवढ्यात ती गुर्र करून सुरू व्हावी, तसं वाटलं.

काल भिंगरीबरोबर इटालियनच खेळलो. बराच टिकलो. मध्येच अडलो तेव्हा विचारलं, "आता काय करू गं?" ती म्हणाली, "तुमचा तो घोडा उपाशी बसलाय, त्याला बाहेर काढा आधी." काढला. एक घोडचूक केली तर म्हणाली, "परत घ्या, परत घ्या, बाई बघत नाहीयेत." शेवटी हरवलंच म्हणा. निघताना वर्गातल्या एका मुलीची नक्कल करून दाखवली, नाक वर करून चालते ती. बाई विणायच्या थांबल्या.

हे सगळं तुझ्यामुळे. तुझं नाव मी घेतलं नाही. पुढचं सांग.

भाऊजी


२२ जुलै

भाऊजी, नमस्कार.

पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि आनंदानं चहा सदऱ्यावर सांडला. आता ऐका. भिंगरी परवा माझ्या क्लासला आली ती मिरवतच. "मामा, मी बाबांना बुद्धिबळ शिकवते. हळूहळू येतंय त्यांना." मी ओठ चावून गप्प. खरा मास्तर कोण हे गुपितच राहू द्या, मजा येईल.

सुरुवात बदलू नका. लोक हरले की सुरुवातीला दोष देतात, जसा स्वयंपाक बिघडला की भांड्याला. सोबत कोडी पाठवतो आहे, रोज थोडी सोडवा. एकामागे एक उभ्या असलेल्या सोंगट्यांकडे लक्ष ठेवा. पुढची बाजूला झाली की मागचीचा मारा उघडतो. भले भले तिथे फसतात.

आणि एक सांगतो, मामा म्हणून नाही, मास्तर म्हणून. भिंगरीला एक खोड आहे. वजीर लवकर बाहेर काढते आणि राजाला कोपऱ्यात सुरक्षित न्यायचं राहून जातं. क्लासमधली पोरं तिला वचकून असतात, त्यामुळे या चुकीची शिक्षा तिला फारशी झालीच नाही. तुम्ही करा. गँबिट खेळा, राजापुढची रेषा उघडा. एकदा दणका बसला तर तिचंच भलं होईल. आणि आपला बाप काय चीज आहे हेही कळेल.

तुमचा मास्तर


११ ऑगस्ट

मास्तर,

जिंकलो!

तू म्हणालास तसंच झालं. मी प्यादं दिलं, तिनं घेतलं, वजीर भटकायला बाहेर काढला. राजा मधोमध. त्याच्या रेषेत माझा हत्ती आणला, मध्ये माझाच उंट. तिला वाटलं उंटाची अडचण आहे. मी उंट बाजूला सरकवला. मागून हत्तीचा शह आणि उंटाचा डोळा थेट तिच्या वजिरावर. राजाला वाचवावं तर वजीर जातो. डॉक्टरांना सांगितलं तर ते उठून उभे राहिले.

ती पटाकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे येत होतं?" मी नुसता हसलो. तुझं गुपित राखलं. तिच्या नजरेत असं काही होतं जे मी आजवर पाहिलं नव्हतं. आदरच असणार, दुसरं काय. डाव संपल्यावर तिनं सोंगट्या एकेक करून डब्यात नीट भरल्या, बूचसुद्धा. वेळ शिल्लक होता, पण म्हणाली, "आज पुरे." खेळाडूला हरल्याचं लागतंच, तूच म्हणतोस. त्यातूनच ती वर येईल.

पंचेचाळिसाव्या वर्षी काहीतरी यायला लागलं, मास्तर. तुझ्या ताईला हे दिसायला हवं होतं.

अजून कोडी पाठव, ती सगळी संपली.

भाऊजी


१५ सप्टेंबर

मास्तर,

तुझं उत्तर नाही. परीक्षा चालू असतील.

काल भिंगरी आली नाही. बाईंकडे निरोप होता, ताप आहे. मी पट मांडून बसलो होतो, तो मांडलेलाच राहिला. आता बरी आहे का, एवढं कळव. लाकडी सोंगट्यांचा नवा संच आणलाय तिच्यासाठी, घोड्यांची आयाळसुद्धा कोरलेली आहे. बुचाशी खेळणं बरं दिसत नाही.

डॉक्टर हल्ली माझ्याशी खेळताना "आ करा" म्हणत नाहीत.

भाऊजी


१३ ऑक्टोबर

मास्तर,

काल पोट दुखत होतं म्हणे. बाईंनी निरोप सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

काय झालंय? ताई अडवते आहे का? तसं असेल तर स्पष्ट लिही, मी वकिलाकडे जातो. तू मध्ये अडकायला नको म्हणून इतके दिवस थांबलो.

भाऊजी


२४ ऑक्टोबर

भाऊजी,

वकिलाकडे जाऊ नका. ताईनं अडवलेलं नाही. उलट दोन्ही रविवारी तिनं भिंगरीची वेणी घालून, बूट घालून तिला दाराशी उभं केलं होतं. ताप नव्हता. पोटही दुखत नव्हतं. ती उंबऱ्यावर बसून राहिली, उठलीच नाही. शेवटी ताईनंच फोन करून काहीतरी कारण कळवलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

तुमच्या ऑगस्टच्या पत्राला उत्तर लिहायला बसलो होतो. त्याच आठवड्यात भिंगरीनं क्लासला यायचं बंद केलं होतं, आणि मला काय लिहावं ते सुचेना. चालढकल करत राहिलो.

परवा कोर्टाच्या समुपदेशक बाईंकडे तिला मी घेऊन गेलो, ताईला रजा मिळाली नाही. आतून बाहेर आली ती शांत होती. "सांगितलं मी," म्हणाली, "मला भेटायला जायचं नाही." पायऱ्यांवर बसलो दोघं. मी विचारलं, "हरलीस म्हणून?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

म्हणाली, "मामा, मी क्लासमध्ये कितीदा हरते. तेवढ्यानं कोणी रडतं का? घरी होते तेव्हा बाबा कोणाला काही विचारायचेच नाहीत. आई विचारायची, ते गप्प. तिथं भेटायला आल्यावर ते मला विचारायला लागले. आता काय करू गं, म्हणायचे. मला वाटलं, बाबांना माझी गरज आहे. मग एकदम सगळंच यायला लागलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत मला काहीच विचारलं नाही. वरही बघितलं नाही. मग हसले. घरी असताना जसे असायचे तसेच."

मी म्हटलं, "बाबांना सांगू का, पुढच्या वेळी तिला विचारा म्हणून?"

"नको. मग ते मुद्दाम विचारतील."

अकरा वर्षांच्या पोरीचं म्हणणं कोर्ट ऐकतं. तिला वाटेल तेव्हा भेट, असा कागद तुम्हाला येईल. कधी वाटेल ते तिलाच माहीत नाही.

मी तुम्हाला विद्यार्थ्यासारखं शिकवत गेलो, भाऊजी. प्रगती बघून खूश होत गेलो. ती "मी बाबांना शिकवते" म्हणाली तेव्हा मला गंमत वाटली. एवढी वर्षं पोरांना शिकवतोय, आणि ते वाक्य माझ्या कानावरून गेलं.

मास्तर


१० नोव्हेंबर

मास्तर,

कागद आला. तरी काल मी बसमध्ये बसलो. रविवार आला की पाय तिकडेच वळतात. बाई म्हणाल्या, "तुमचं नाव आज यादीत नाही हो." म्हटलं, माहीत आहे, जरा टेकतो. बाहेरच्या बाकावर बसलो. आत एक दुसरा बाप आणि त्याचा लहान मुलगा होते. त्यांना पट मांडता येत नव्हता, राजा आणि वजीर उलटसुलट ठेवत होते. मी बाकावरून उठलो नाही. थोड्या वेळानं बाईंनी पाणी आणून दिलं. नवऱ्यासाठी विणतात त्या. तो अंथरुणावर असतो म्हणे. इतके महिने समोर बसलो, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

तुझ्यावर राग नाही. तू बुद्धिबळ शिकवलंस आणि ते मला आलं. तुझा धडा बरोबर होता. डॉक्टर म्हणतात, आता स्पर्धेत उतरा. काल परतीच्या बसमध्ये डोळे मिटले तरी डाव दिसत होते, चांगले डाव. मला ते नको आहेत आणि ते जातही नाहीत.

तू लिहिलंस ते मी पुष्कळदा वाचलं. ती म्हणते तसंच आहे. घरी मी गप्प असायचो ते रागानं नव्हे. आपण काही विचारलं आणि समोरच्याला ते मूर्खपणाचं वाटलं तर, अशी भीती असते एकेकाला. लिफ्टच्या खड्ड्यात दिवसभर एकटाच असतो, तिथं ती चालून जाते. घरात नाही चालत, हे उशिरा कळलं. तिच्यासमोर मात्र भीती वाटली नव्हती. का ते सांगता येत नाही. तिनं बूच ठेवलं हत्तीच्या जागी, त्यानं असेल.

एकच काम कर. "तुम्हाला हे येत होतं?" असं तिनं विचारलं होतं ना, तर तिला वाटत असणार की मला पहिल्यापासून येत होतं आणि मी न येण्याचं सोंग करत होतो. तसं नव्हतं म्हणून सांग. एप्रिल, मे, जून, मला खरंच काही येत नव्हतं. मी विचारायचो ते खरं विचारायचो. नंतर मामानं शिकवलं म्हणून सांग. तुझं नाव घे, काही लपवू नकोस. ती आली नाही तरी चालेल. पण ते तीन महिने खोटे होते असं तिला वाटत राहिलं, तर माझ्याकडे काहीच उरत नाही.

भाऊजी


३० नोव्हेंबर

भाऊजी,

आधी ताईला सगळं सांगितलं, जूनपासूनचं. ती ओरडली नाही. "त्यांनी एवढं लिहिलं?" एवढंच म्हणाली आणि तुमची पत्रं मागून घेतली. वाचत असताना मला खोलीत थांबू दिलं नाही.

मग आज सकाळी भिंगरीला माझ्या क्लासच्या खोलीवर बोलावलं. तुमचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. तुम्हाला खरंच येत नव्हतं. नंतर मी शिकवलं, पत्रातून, कुठली सुरुवात खेळायची, कोडी कुठली सोडवायची. तिची वजिराची खोड मीच सांगितली, हेही सांगितलं.

ती ऐकत होती. मला वाटलं, आता तिचा चेहरा निवळेल. निवळलाही, जरासा. "म्हणजे ते सोंग नव्हतं," म्हणाली.

"नव्हतं गं."

ती पटावरच्या घरांवरून बोट फिरवत राहिली. मग विचारलं, "त्यांना पहिल्यांदा पत्र कधी लिहावंसं वाटलं? मी त्यांना 'अगदीच हे आहात' म्हणाले तेव्हा?"

मी हो म्हटलं.

"कुठली सुरुवात खेळू, असं तुला विचारलं?"

"हो."

"मी समोर बसले होते, मामा. मला का नाही विचारलं?"

तुम्ही घाबरलात, हे सांगावंसं वाटलं. पण ते तुम्ही सांगायचं होतं, आणि तुमची तिची भेट कधी हे मला माहीत नाही. ती चपला घालून निघाली. जाताना दार अलगद ओढून घेतलं. रागावली असती तर आपटलं असतं.

दहा वाजता बाकीची पोरं आली. मी पट मांडले.

मास्तर